पार्थियन द्रख्म : राजा कोणता, कसं ओळखू?

मदत हवी आहे. जर्मनीतल्या मावसभावाने लिलावात घेतलेलं चांदीचं पार्थियन नाणं, म्हणजे प्राचीन इराणच्या पार्थियन राजांचं द्रख्म, मला भेट दिलंय. वजन ३.७ ग्रॅम. पुढे डावीकडे तोंड केलेला दाढीवाला राजा, मागे धनुष्य धरून बसलेला तिरंदाज, भोवती चौकटीत ग्रीक अक्षरं. राजा इराणी, लिपी यवनांची, म्हणजे ग्रीकांची! 'बासिलेओस' (ग्रीकमध्ये 'राजाचं') एवढंच लागतंय, बाकी झिजलंय. नाव वाचून तरी काय, बहुतेक सगळे पार्थियन राजे स्वतःला घराण्याच्या मूळ पुरुषाच्या नावाने 'अर्साकेस'च म्हणवायचे. डोक्याला उंच मुकुट नाही, नुसती फीत. कपाळावर चामखिळीसारखा उंचवटा दिसतोय. ती दुसऱ्या ओरोदेस किंवा चौथ्या फ्रातेस या पार्थियन राजांची खूण धरायची, की नुसता मळ? नाशिकच्या लेण्यातल्या शिलालेखातले 'पल्हव' लोक म्हणजे हेच पार्थियन, म्हणून जीव अडकलाय. आणि काळा थर काढू की राहू देऊ?