मदत हवी आहे : गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅपऐवजी डायरीत

मुलगी राजारामपुरीतल्या खासगी शाळेत सहावीत आहे. गृहपाठ रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर येतो. फळ्याचा फोटो मोठा करकरून वहीत उतरवायचा, तोवर रील सुरू झालेलं असतं. वर्गशिक्षिकांना भेटलो, गृहपाठ डायरीत लिहून द्या, असं सह्यांचं निवेदन मुख्याध्यापकांना दिलं. ‘बाकीच्या पालकांना हेच सोयीचं पडतं,’ एवढंच उत्तर. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावनं २०२२ मध्ये संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला, दीड तास फोन-टीव्ही बंद! पण तिथं अख्खं गाव एक झालं होतं. आमची शाळा विनाअनुदानित, त्यामुळं शाळा व्यवस्थापन समिती नाही, पालक-शिक्षक संघच आहे. एसटीनं येणाऱ्या मुलांकडं साधा फोन असू दे, त्याला आमची हरकत नाही. संघाच्या सभेत गृहपाठ डायरीतच देण्याचा ठराव कुणी मंजूर करून घेतलाय का? त्यात नेमका मजकूर काय होता?