मदत हवी आहे: डिस्टॉर्शन लावलं की रेकॉर्डिंगमध्ये नुसती किरकिर

ई_मायनर
घरी इलेक्ट्रिक गिटारवर रॉक इन्स्ट्रुमेंटल रेकॉर्ड करतोय. क्लीन आवाज छान येतो. डिस्टॉर्शन पेडल (आवाज मुद्दाम फाडणारं) दाबलं की कानाशी डास गुणगुणावा तसा पातळ, चिरका आवाज रेकॉर्ड होतो. हेच पेडल मित्राच्या ॲम्पवर दणदणीत वाजतं, म्हणजे पेडल खराब नाही. ईक्यूमध्ये ट्रेबल उतरवला तर सगळंच दबतं. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायला कोणता प्लगइन घेऊ? ड्रम्स, बेस तयार आहेत, रविवारी ट्रॅक मिक्सिंगला द्यायचाय. प्लीज लवकर सांगा.

तिसरा_फ्रेट
पेडल कोणतं? कशात जोडलंय? ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायचा डबा) आहे की थेट लॅपटॉपच्या माइकच्या पिनेत? सॉफ्टवेअर? काहीच लिहिलं नाहीस तर सांगणार काय?

ई_मायनर
पेडल बॉसचं डीएस-१, सॉफ्टवेअर रीपर. जोडणी नेहमीसारखीच. प्लगइनचं नाव सांगा ना कुणीतरी.

जुना_वादक
प्लगइनच्या नादी लागू नकोस. ॲम्प लाव, स्पीकरच्या जाळीजवळ एसएम ५७ माइक धर. स्पीकरच्या मधोमध चिरका वाटला तर माइक दोन बोटं कडेला सरकव, आवाज लगेच भरतो. माइकशिवाय रॉक गिटार रेकॉर्ड होत नाही.

दुसरा_मजला
काका, फ्लॅटमध्ये राहून बघा. ॲम्प थोडा वाढवला की शेजारी दारात. एकवर ठेवला तर स्पीकर हलतच नाही, मग माइक टिपणार काय?

जुना_वादक
पाच वॅटचा घे, दुपारी वाजव. आम्ही चाळीत राहून केलंय सगळं.

स्वरसाधना
तारा कधी बदलल्या? जुन्या तारांचा आवाज बसतो. आणि बोटं दुखत असतील तर आधी नायलॉन तारांवर सराव करा.

ओहम
तारा, माइक राहू द्या. @ई_मायनर, डीएस-१ मधून केबल थेट इंटरफेसला जाते ना? मग तुझ्या साखळीत स्पीकरच नाही. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर आवाज झपाट्याने कमी करतो. डिस्टॉर्शन म्हणजे लाट वरून-खालून छाटणं, त्यातून वरच्या पट्टीत भरपूर कचरा तयार होतो. ॲम्पवर तो स्पीकर गाळतो, तुझ्याकडे सगळाच फाइलमध्ये उतरतो. नुसता ट्रेबल उतरवून भागत नाही, कारण स्पीकरला स्वतःचे चढउतारही असतात.
कॅबिनेटचा आयआर लोडर टाक, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या आवाजाचा ठसा लावणारा प्लगइन. फुकटात भरपूर मिळतात. ट्रॅकवर आधी ॲम्प सिम (ॲम्पची नक्कल करणारा प्लगइन), क्लीन चॅनलवर, मग आयआर. ॲम्प सिमचा गेन वाढवू नकोस, डिस्टॉर्शनवर डिस्टॉर्शन चढेल. डीएस-१ चा टोन नॉब अर्ध्याच्या बराच खाली आण, ते पेडल मुळातच तिखट आहे. इंटरफेसवरचं इन्स्ट (इन्स्ट्रुमेंट) बटण दाबलंय का? पीक, म्हणजे आवाजाची सर्वात उंच पातळी, -१२ डीबीच्या आसपास ठेव.

मल्टीवाला
एवढा व्याप कशाला? पेडल्स विकून मल्टी-इफेक्ट्स (सगळे इफेक्ट्स एकाच डब्यात) घे. कॅब सिम, म्हणजे स्पीकरची नक्कल, आतच असतं, यूएसबी लावली की झालं.

तिसरा_फ्रेट
त्याने विकायचं विचारलेलं नाही. हातातल्या पेडलवर त्याचं वाजवणं बसलंय.

ई_मायनर
आयआर लावला. किरकिर गेली, पहिल्यांदाच गिटारसारखी गिटार ऐकू आली! ओहम, मनापासून आभार. पण आता मागे घुंईं आणि बारीक चींईं ऐकू येतंय. वा-वा (पायाने आवाज ‘वा-वा’ असा हलवणारं) आणि डिले (सूर मागून पुन्हा ऐकवणारं) पेडल लावल्यावर जास्त.

तिसरा_फ्रेट
वा-वा? डिले? हे आत्ता सांगतोयस? पॉवर कशावर आहे?

ई_मायनर
तिन्ही एकाच ॲडाप्टरवर, फाटे फुटलेली वायर असते ती.

ओहम
चींईं बहुतेक डिलेतून येतंय. डिजिटल पेडलचा आवाज त्या सामाईक वायरीतून डिस्टॉर्शनमध्ये शिरतो आणि तिथे मोठा होतो. तपासायला डीएस-१ बॅटरीवर चालव: पुढचा गोल स्क्रू हाताने सैल कर, पट्टी उचल, खाली नऊ व्होल्टची जागा आहे. काम झालं की इनपुटची केबल काढ, नाहीतर बॅटरी उतरते. फरक पडला तर आयसोलेटेड सप्लाय घे, प्रत्येक पेडलला वेगळी वीज देणारा. घुंईंसाठी लॅपटॉपचा चार्जर काढून बघ.

जुना_वादक
गिटारला सिंगल कॉइल पिकअप (तारांचा आवाज टिपणारी एकच गुंडाळी, ती घुंईंही उचलते) असेल तर स्क्रीनपासून लांब, थोडा वळून बस. आणि डिले पेडलने रेकॉर्डच करू नकोस, नंतर घाल. एकदा उमटला की निघत नाही.

दुसरा_मजला
इथे पटत नाही. डिले ऐकत वाजवलं की हात वेगळा चालतो, दोन सुरांमध्ये जागा सोडतो. तोच तर इन्स्ट्रुमेंटलचा जीव आहे.

ओहम
ऐकताना डिले प्लगइनचा लाव, ट्रॅक कोरडा, म्हणजे डिलेशिवाय राहतो. उशीर कमी ठेवायला एएसआयओ ड्रायव्हर, बफर १२८ सॅम्पलचा. ४४.१ किलोहर्ट्झला तो जेमतेम ३ मिलिसेकंद होतो. एकूण उशीर थोडा जास्त, पण हाताला बोचत नाही.

जुना_वादक
अवांतर: मुंबईत रंगभवनला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव ऐकलेलं कुणी आहे का इथे? उघड्यावर तो गिटारचा आवाज छातीत बसायचा.

तिसरा_फ्रेट
काका, वेगळा धागा काढा, मी नक्की येतो.

ई_मायनर
चार्जर काढल्यावर घुंईं बंद. बॅटरीवर चींईं पण गेलं. आता रिदम गिटार (साथीचा भाग) दोनदा वाजवून डावी-उजवीकडे टाकतोय. दोन्हीला एकच आयआर चालेल?

ओहम
चालेल, पण उजवीकडे वेगळ्या कॅबिनेटचा टाकून बघ, दोन्ही बाजू सुट्या ऐकू येतील. लीड (मुख्य सूर) मधोमध. मिक्सिंगवाल्याला प्लगइनशिवायच्या कोरड्या फाइल्सही दे.

दुसरा_मजला
आणि इथे ऐकव.