हौशी कार्डांचं परीक्षण: वाचून गुण द्यायचे की खेळून?

तीनमना (धागाकर्ता)

मागच्या रविवारी कोथरूडला आमच्या गटाची कार्ड बनवायची स्पर्धा झाली. 'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळासाठी पुण्याच्या विषयावर एक नवं कार्ड करायचं, खर्च दोन मनाच्या (मना म्हणजे कार्ड खेळायला लागणारी शक्ती) वर नको, एवढीच अट. तेवीस कार्डं आली. तीन परीक्षकांपैकी मी एक. निकाल लागल्यापासून नाराजीचे फोन चालू आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

सगळ्यांचं लाडकं कार्ड होतं 'कात्रजचा घाट'. लाल इन्स्टंट (समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येणारं कार्ड), दोन मना. चित्रात अंधारी खिंड आणि बैलांच्या शिंगांना बांधलेले पेटते पलिते. मजकूर एका ओळीचा: 'हल्ला करणारे सर्व क्रीचर दुसरीकडे वळतात.' लाल महालाच्या छाप्यानंतर मोगलांना भलत्याच वाटेला लावल्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेली, त्यामुळे वाचताक्षणी अंगावर काटा आला. मग खेळायला बसलो. मी चार क्रीचर (लढणाऱ्या जीवांची कार्डं) घेऊन हल्ला केला, समोरच्याने 'घाट' टाकला आणि आम्ही दोघंही थांबलो. दुसरीकडे म्हणजे कुठे? दोघांच्या डावात तिसरा कोणी नसतोच. हल्ला फुकट गेला म्हणायचं, की तो माझ्यावरच उलटला? तीन परीक्षकांची तीन उत्तरं आली.

फुकट गेला असं धरलं, तर हे 1993 च्या पहिल्या संचातल्या 'फॉग'चं काम झालं, आणि ते कार्ड हिरवं आहे. लाल रंगाने चढाई करावी. बचाव त्याला सहज मिळत नाही, आणि ही उणीव मुद्दाम ठेवलेली आहे. अशा उणिवांमुळेच पाच रंग एकमेकांपासून वेगळे राहतात. पलिते पेटलेत म्हणून कार्ड लाल केलं, हे मला पटलं नाही. 'घाट' पाचवा आला. पहिलं बक्षीस 'हौद' या साध्याशा लँडला (मना देणाऱ्या कार्डाला) गेलं.

माझं म्हणणं एवढंच: हौशी कार्डाला नुसतं वाचून गुण देऊ नयेत. चित्र झाकावं, प्रिंट स्लीव्हमध्ये घालावी, निदान तीन डाव खेळावेत, मग आकडा लिहावा. त्याच पहिल्या संचात एका मनात कसलं तरी 'तीन' देणारी पाच कार्डं होती. 'लायटनिंग बोल्ट' तीन डॅमेज करतं, 'हीलिंग साल्व्ह' तीन लाइफ देतं, 'अँसेस्ट्रल रिकॉल' तीन कार्डं ओढू देतं. कागदावर सगळी सारखीच वाटतात. आज 'साल्व्ह'ला कोणी हात लावत नाही, आणि 'रिकॉल' व्हिंटेजमध्येसुद्धा (जवळपास सगळी जुनी कार्डं चालणारा प्रकार) डेकमागे एकच चालतं. मूळ संच करणाऱ्यांना वाचून जे उमगलं नाही, ते आपल्याला उमगेल?

पर्वतीपायथा

असहमत, आणि जरा रागाने असहमत. तेवीसपैकी निम्म्याहून अधिक जण पहिल्यांदाच कार्ड करत होते. त्यांच्याकडून नियमपुस्तकाची भाषा मागणं म्हणजे पोहायला शिकणाऱ्याला थेट पुरात ढकलणं. सुचणं ही एक गोष्ट, आकडे आणि शब्द बसवणं ही दुसरी. खेळ काढणाऱ्या खुद्द कंपनीत कित्येक वर्षं डिझाइन आणि डेव्हलपमेंट ही कामं वेगवेगळ्या गटांकडे होती. लोकांच्या मतांवर कार्ड घडवायचे उपक्रमही कंपनीने केले. 2004 चं 'क्रूसिबल ऑफ वर्ल्ड्स' त्यातूनच आलं. पण छपाईआधी आकडे आणि शब्द बसवायचं शेवटचं काम काही मत देणाऱ्यांवर सोडलं नव्हतं.

आणि तीन डावांत काय कळतं हो? 2004 सालीच 'स्कलक्लॅम्प' हे जास्तच ताकदीचं कार्ड कंपनीच्या पगारी लोकांच्या हातून निसटलं आणि काही महिन्यांत स्टँडर्डमधून (फक्त अलीकडचे संच चालणारा प्रकार) बॅन करावं लागलं. तुम्ही तिघं एका दुपारी तेवीस कार्डं 'तपासणार'? त्यापेक्षा प्रामाणिकपणे सांगा की आम्ही कल्पनेला गुण दिले.

तीनमना

'स्कलक्लॅम्प'चे आकडे शेवटच्या टप्प्यात बदलले आणि बदलल्यावर ते पुरेसं खेळून पाहिलं गेलं नाही. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तीन डावांत बॅन होण्याजोगं कार्ड ओळखता येत नाही, हे मान्य. पण कार्ड मुळात चालतं का, हे पहिल्याच डावात कळतं.

चौथाखेळाडू

दोघंजणच खेळतात हे ठरवलं कोणी? आमच्याकडे दर शनिवारी चौघांचा कमांडर हा प्रकार असतो, शंभर कार्डांची डेक. तिथे 'दुसरीकडे' म्हणजे डावीकडे किंवा समोर, अजिबात अडत नाही. आणि लालचं म्हणाल तर 'गोड' (goad, डिवचणं) कोणाकडे आहे? समोरच्याच्या क्रीचरला डिवचायचं आणि आपल्याला सोडून दुसऱ्यावर धाडायचं, हे मुख्यतः लालचंच काम. शत्रूला भलत्याच्या अंगावर घालणं लालच्या स्वभावात बसतं. परीक्षकांनी दोघांच्या टेबलावर बसवून कार्डाचा बळी दिला.

तीनमना

चौघांचा मुद्दा बरोबर आहे. अर्जात डाव किती जणांचा ते आम्हीच लिहिलं नव्हतं, ही आमची चूक. पण रंगाचं अजून पटत नाही. 'गोड' हल्ल्याच्या आधी डिवचतं. हल्ला सुरू झाल्यावर मध्येच त्याचं तोंड फिरवायचं काम निळा करतो. 'पोर्टल मेज' हे निळं कार्ड बघा. हूल देणं निळं, आणि कात्रजचा घाट दाखवणं ही शंभर टक्के हूल आहे.

नाट्यवेडी

मी पत्ते खेळत नाही, भाऊ खेळतो म्हणून वाचतेय. कॉलेजात चार वर्षं एकांकिका केल्या. आमची संहिता वाचून कोणी करंडक दिला नाही, प्रयोग बघूनच दिला. वाचनाला टाळ्या घेतलेली एकांकिका भरत नाट्यच्या रंगमंचावर आपटताना मी विंगेतून बघितली आहे. तेव्हा खेळून बघा, याला माझं +१. पण मग पहिलं बक्षीस द्यायलाच हवं होतं का? 2022 साली पुरुषोत्तम एकांकिका स्पर्धेच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नव्हता. 'हौद' खरंच त्या लायकीचा होता, की उरला म्हणून जिंकला?

तीनमना

उरला म्हणून नाही. कार्ड असं आहे: दर टर्नच्या सुरुवातीला मालकाने हौदावर एक थेंब ठेवायचा. कोणताही खेळाडू आपल्या टर्नमध्ये एकदा, एक थेंब काढून एक रंगहीन मना घेऊ शकतो. बस.

मना साठवणारी लँड 1994 पासून आहेत, म्हणून वाचताना मी सहा गुण देऊन पुढे सरकलो होतो. खेळताना थेंब म्हणून निळे मणी घेतले. दुसऱ्या डावात माझ्या हौदावर तीन मणी जमले होते, पुढच्या टर्नला मोठं क्रीचर उतरवायचं म्हणून राखलेले. समोरचा दोन लँडवर अडकून पडला होता. त्याने हात पुढे केला, माझा एक मणी उचलला, स्वतःच्या दोन लँडमध्ये तो मना मिळवला आणि तीन मनाचं क्रीचर खाली ठेवलं. डाव तिथून फिरला. साठवावं तर समोरचा भरून नेतो, न साठवावं तर हौद बांधला कशाला? तिसऱ्या डावात पहिल्याच टर्नला हौद माझ्या हातात होता आणि मी तो टाकायला कचरलो. ते सहा गुण मी खोडले.

गंजपेठ

हौदाबद्दल एक बोलायचं आहे. त्या कार्डावर चित्र आहे शनिवारवाड्याचं, खाली ओळ आहे नानासाहेबांच्या काळात कात्रजहून आणलेल्या पाण्याची. आणि नियम काय, तर 'कोणताही खेळाडू'. पेशवाईतल्या हौदावर कोणीही पाणी भरू शकत होतं का? नाही. 'कोणीही' हा शब्द पुण्याच्या हौदाला 1868 साली लागला, जोतिराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा. ते घर आजही गंज पेठेत आहे, जाऊन बघा. या कार्डाचा नियम फुल्यांचा आणि चित्र पेशव्यांचं आहे. तुम्ही चित्र झाकून गुण दिलेत म्हणून हे तुमच्या नजरेतून सुटलं.

तीनमना

हे खरंच सुटलं, आणि वाचून अस्वस्थ झालो. विषयाला शंभरातले पंधरा गुण होते, तेही आम्ही चित्र झाकलेलं असतानाच दिले. खेळाचे गुण झाकून आणि विषयाचे उघडं कार्ड समोर धरून, असे दोनदा बसायला हवं होतं. कार्ड करणाऱ्याला चित्र आणि ओळ बदलायला सुचवतो. बक्षीस मात्र बदलणार नाही, तो नियम अजूनही तेवीसांत सर्वांत चांगला आहे.

पर्वतीपायथा

म्हणजे 'हौदा'ला चित्र बदलायची मुभा आणि 'घाटा'ला एक शब्द बदलायची नाही?

पलिता११वी

'कात्रजचा घाट' मी केलंय. दोघांच्या डावाचा विचार मी केलाच नव्हता, कारण घरी आम्ही चौघं भावंडं खेळतो. नवीन मजकूर असा लिहिलाय: 'हल्ला करणारं प्रत्येक क्रीचर तुमच्याऐवजी तुम्ही निवडलेल्या दुसऱ्या प्रतिस्पर्ध्यावर हल्ला करतं. असा प्रतिस्पर्धी नसेल, तर ते लढाईतून बाहेर पडतं आणि टॅपच (आडवं, म्हणजे वापरलेलं) राहतं.' तीनमना दादा, निळ्याचंही तुमचं पटलं, पण अर्धंच. हूल निळी असेल, पण बैल खरे होते आणि आगही खरी होती. म्हणून आता खर्च एक निळा आणि एक लाल केलाय. येत्या रविवारी चौघं जमत असाल तर प्रिंट घेऊन येते.