पॉलिप काढताना आतड्याच्या भिंतीत टोचायचे द्रव: सलाईन, जिलेटिन की आणखी काही?

कृष्णाकाठ:
माझ्या वडिलांच्या (वय ६८) मोठ्या आतड्याच्या उजव्या भागात सुमारे ३ सेंटिमीटरचा पसरट पॉलिप (आतड्याच्या आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) आढळला असून, तो पुढील आठवड्यात पोट न उघडता दुर्बिणीतूनच काढण्याचे ठरले आहे. पॉलिपच्या खाली आधी द्रव टोचून तो वर उचलला जातो आणि मग तारेच्या फासाने कापला जातो, एवढे डॉक्टरांनी समजावून सांगितले. मात्र खर्चाच्या अंदाजपत्रकात या द्रवाची नोंद स्वतंत्र आहे. चौकशी केल्यावर, साधे सलाईनही चालते, पण जिलेटिनचे द्रावण अधिक चांगले, असे उत्तर मिळाले. आमचे घर कडक शाकाहारी आहे आणि जिलेटिन कशापासून बनते हे कळल्यापासून वडील अस्वस्थ आहेत. द्रव बदलल्याने निकालात खरोखर किती फरक पडतो, आणि त्यांना पटेल असा पर्याय उपलब्ध आहे का, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

अंतर्दर्शक:
मी पोटविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या वडिलांचे अहवाल पाहिलेले नसल्याने सर्वसाधारण उत्तर देतो.

आतड्याच्या भिंतीत आतून बाहेर अंतःस्तर, त्याखालचा सैल थर आणि मग स्नायूंचा थर अशी रचना असते, आणि उजव्या बाजूला ही भिंत विशेष पातळ असते. पॉलिप अंतःस्तरातून उगवतो. सैल थरात द्रव भरला की पॉलिप आणि स्नायू यांच्यात अंतर निर्माण होते, त्यामुळे फासातून जाणाऱ्या विजेची उष्णता स्नायूपर्यंत पोहोचून तो भाजण्याची किंवा आतड्याला छिद्र पडण्याची शक्यता घटते. ही कल्पना जुनी आहे. गुदाशयातील पॉलिप जाळताना खाली सलाईनचा फुगवटा करावा, असे १९५५ सालीच लिहिले गेले होते.

सलाईन स्वस्त आणि निर्धोक आहे, पण ते काही मिनिटांतच आजूबाजूला पसरते आणि फुगवटा बसतो. सेंटिमीटरभराच्या पॉलिपला त्याने काही बिघडत नाही. ३ सेंटिमीटरचा पसरट पॉलिप मात्र बहुधा तुकड्यातुकड्यांनी काढावा लागतो, आणि प्रत्येक तुकड्याआधी पुन्हा टोचत बसावे लागले तर वेळही जातो आणि कडेचा अंश मागे राहण्याचा धोकाही वाढतो. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत मोठ्या पॉलिपांसाठी सलाईनऐवजी सक्सिनिलेटेड जिलेटिन वापरल्यावर तुकडे कमी झाले, टोचण्याच्या फेऱ्या कमी झाल्या आणि वेळही वाचला; गुंतागुंतींच्या प्रमाणात मात्र ठळक फरक दिसला नाही. म्हणजे लाभ आहे, पण तो मुख्यतः काम सुकर होण्याचा आहे. सलाईन वापरले म्हणून उपचारच कमअस्सल ठरला, असे कोणी सांगत असेल तर मला ते मान्य नाही.

आता शाकाहाराविषयी. हे जिलेटिन गोवंशीय जनावरांपासून मिळते, ही माहिती खरी आहे. त्याऐवजी ६ टक्के हायड्रॉक्सिएथिल स्टार्च सर्रास वापरले जाते. ते मका किंवा बटाट्याच्या स्टार्चपासून बनते आणि त्याचाही फुगवटा सलाईनपेक्षा बराच जास्त टिकतो. अत्यवस्थ रुग्णांच्या मूत्रपिंडांना अपाय होतो म्हणून हेच स्टार्च शिरेवाटे देण्यावर अनेक देशांत निर्बंध आले आहेत, हे तुमच्या वाचनात येईल. परंतु तिथे प्रश्न शेकडो मिलिलिटरचा असतो, इथे त्यामानाने फारच थोड्या मिलिलिटरचा. जपानमध्ये ग्लिसरॉलचे द्रावण आणि ०.४ टक्के सोडियम हायल्युरॉनेट यांचा वापर रुळलेला आहे. हायल्युरॉनेटचा फुगवटा उत्तम टिकतो, पण ते महाग आहे. डॉक्टरांना आधीच कळवले तर अशी सोय करणे अवघड नसते. जिलेटिनयुक्त औषध किंवा लस घेतल्यावर वडिलांना कधी तीव्र ॲलर्जी झाली असेल, तर तेही अवश्य सांगा.

सहायिका:
एंडोस्कोपी कक्षात सुई भरून देण्याचे काम मी करते, म्हणून थोडी भर घालते. नातेवाइकांची चर्चा द्रवाच्या नावाभोवती फिरते, पण सुईचे टोक नेमके कोणत्या थरात आहे यावर जास्त अवलंबून असते. टोक फार वर राहिले तर लगेच पांढुरकी पुळी येते. भिंतीच्या पार गेले तर द्रव जातो, पण काहीच फुगत नाही. घट्ट द्रावण बारीक सुईतून ढकलायला जोर लागतो, त्यामुळे वेग राखणे कठीण जाते, ही त्याची गैरसोय क्वचितच कोणी सांगते.

द्रवात बहुधा इंडिगो कार्मिन किंवा मिथिलीन ब्लू हा निळा रंग थोडा मिसळतात. सैल थर निळा होतो, स्नायू रंग घेत नाही. त्यामुळे कापलेल्या जागी पांढरे वर्तुळ दिसले तर स्नायूला इजा झाल्याचे तिथल्या तिथे कळते आणि क्लिप लावता येते. मिथिलीन ब्लू असेल तर नंतर लघवीला हिरवट छटा येऊ शकते, तेव्हा घाबरू नका. जी-६-पी-डी कमतरता (लाल रक्तपेशींतील एका विकराची जन्मजात उणीव) असेल किंवा नैराश्यावरील गोळ्या चालू असतील, तर रंग निवडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावे. काही डॉक्टर ॲड्रेनॅलीनही अत्यल्प प्रमाणात घालतात. त्याने कापतानाचा रक्तस्राव कमी होतो, काही दिवसांनी होणारा नाही.

स्लाइडखाली:
पॅथॉलॉजिस्टच्या बाजूने एक मुद्दा. टोचलेला पदार्थ आमच्या काचेपर्यंत येतो. याच कामासाठी बाजारात आणलेल्या ओराइज नावाच्या जेलमुळे, पुढे शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यात, परकीय पदार्थाभोवती होते तशी प्रतिक्रिया आणि आकारहीन साठे दिसू लागले. ते म्युसिन (श्लेष्म) किंवा अमायलॉइड (ऊतींत साचणारे विकृत प्रथिन) यांसारखे दिसत असल्याने, पूर्वी काय टोचले होते हे ठाऊक नसलेला तपासनीस गोंधळण्याचा संभव होता. त्यामुळे द्रव कोणताही असो, त्याचे नाव तपासणीच्या अर्जावर लिहिलेले असावे. आमच्याकडे येणाऱ्या दहा अर्जांपैकी नऊ याबाबत कोरे असतात, असे म्हटले तर ती फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. स्टार्चविषयी उद्याच विचारतो. आणखी एक शंका आहे: द्रव टोचूनही पॉलिप उचललाच गेला नाही, तर काय समजायचे?

अंतर्दर्शक:
या लक्षणाचे वर्णन जपानी डॉक्टरांनी १९९४ साली केले. कर्करोग खालच्या थरात खोल रुजला असेल तर त्या जागी थर सुटत नाही आणि द्रव कडेनेच फुगतो. परंतु आधीच्या बायोप्सीमुळे, पूर्वी अर्धवट काढल्यामुळे किंवा जागा लक्षात राहावी म्हणून पॉलिपच्या अगदी खाली काळी शाई टोचल्यामुळे झालेल्या व्रणानेही हेच घडते, म्हणून केवळ एवढ्यावरून कर्करोगाचे निदान करत नाहीत. पृष्ठभागाची नक्षी आणि रक्तवाहिन्या बारकाईने पाहणे त्याहून भरवशाचे. खरोखर उचलला गेला नाही तर जोर न लावता थांबावे आणि पॉलिप अशा कामाचा सराव असलेल्या केंद्राकडे किंवा शल्यचिकित्सकांकडे सोपवावा. वडिलांची बायोप्सी कधी झाली, किती तुकडे घेतले आणि शाईची खूण केली होती का, हे अहवालात पाहून आधीच सांगितलेत, तर तुमच्या डॉक्टरांना त्याचा उपयोग होईल.