जुन्या लॅपटॉपवर चालायचं, नव्यावर एलटीटीएनजीची कर्नल मॉड्यूल्स लोडच होईनात

टक्सकट्टा:
मंडळी, ऑफिसने नवा लॅपटॉप दिलाय, उबुंटू २२.०४ टाकलं, एलटीटीएनजी (लिनक्समध्ये आत काय चाललंय ते नोंदवणारं ट्रेसिंग टूल) टाकलं, पण कर्नलच्या, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यातल्या, इव्हेंट्सची लिस्ट मागितली की म्हणतंय कर्नल ट्रेसर उपलब्ध नाही. युजरस्पेसचं, म्हणजे साध्या प्रोग्रॅम्सचं, ट्रेसिंग मस्त चालतंय. सूडो लावून (म्हणजे रूट, अ‍ॅडमिनच्या हक्काने) मॉडप्रोब, म्हणजे मॉड्यूल (कर्नलला जोडायचा तुकडा) लोड करायची कमांड, मारली की ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’. डीकेएमएस (दर कर्नलसाठी मॉड्यूल बांधून देणारं टूल) तर इन्स्टॉल्ड दाखवतंय, मग घोडं अडलंय कुठे? एक थ्रेड मध्येच लटकतोय, त्यासाठी शेड्युलरचे (कुठला थ्रेड कधी चालवायचा ते ठरवणारा कर्नलचा भाग) इव्हेंट्स बघायचेत.

रूटवाला:
एररमध्येच उत्तर आहे की. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ आलं असतं तर म्हटलं असतं कर्नलचे हेडर्स (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) नाहीत म्हणून बिल्डच झालं नाही, ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणजे बहुतेक वेळा दुसऱ्याच कर्नलसाठी बांधलेलं. तुझं दुखणं मॉड्यूलवरच्या डिजिटल सहीचं आहे. मोकयूटिल कमांडने सिक्युअर बूट (ओळखीच्या कीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू आहे का बघ आणि डीमेसेजच्या, म्हणजे कर्नलच्या लॉगच्या, शेवटच्या ओळी टाक.

टक्सकट्टा:
चालू आहे. डीमेसेज म्हणतंय ‘लोडिंग ऑफ मॉड्यूल विथ अनअव्हेलेबल की इज रिजेक्टेड’.

झटपट_राव:
बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद कर, विषय संपला.

रूटवाला:
राव, ऑफिसचं मशीन आहे ते! शेजारी विंडोज असेल आणि बिटलॉकर (डिस्क एन्क्रिप्शन) लावलेलं असेल तर ते रिकव्हरी की मागत बसेल, मग फिरा आयटीवाल्यांच्या मागे.
टक्सकट्टा, डीकेएमएसने सही केलीये, पण ती ज्या कीने केली ती मशीनला माहीत नाही. वार/लिब/शिम-साइन्ड/मोक या फोल्डरमध्ये मोक डॉट डर फाइल (मोक म्हणजे मशीन ओनर की) असेल, ती मोकयूटिलच्या इंपोर्टने दे, तो एक पासवर्ड ठरवायला सांगेल, मग रीबूट. निळी स्क्रीन येईल तेव्हा लगेच कुठलंतरी बटण दाब, काही सेकंदच थांबते ती, आणि ‘एनरोल मोक’ निवडून तोच पासवर्ड टाक. सवयीने एंटर मारू नकोस, पहिला पर्याय ‘कंटिन्यू बूट’ असतो, तो लागला की इंपोर्ट परत पहिल्यापासून.

टक्सकट्टा:
की गेली आत, मॉडप्रोब आता गुपचूप चालतंय, पण लिस्ट अजून तेच रडगाणं गातेय??

पेंग्विनताई:
एलटीटीएनजीचा सेशनडीमन (मागे चालणारा प्रोग्रॅम) रीस्टार्ट केलास का? तो रूट म्हणून सुरू होतानाच मॉड्यूल्स लोड करायला बघतो, तेव्हा जमलं नाही तर नंतर तू हाताने लोड केलंस तरी त्याला पत्ता नसतो. आणि सूडोशिवाय वापरायचं असेल तर स्वतःला ट्रेसिंग ग्रुपमध्ये टाक, मग लॉगआउट करून परत ये.
बाकी, नुसता शेड्युलरच बघायचा होता तर ट्रेस-सीएमडी या टूलने शेड-स्विच (थ्रेड बदलल्याचा इव्हेंट) रेकॉर्ड केलं असतंस तरी भागलं असतं. ते टूल ज्यावर चालतं तो एफट्रेस ट्रेसर कर्नलच्या आतच असतो, सहीबिहीची भानगड नाही. लोक उगाच विसरतात त्याला.

टक्सकट्टा:
रीस्टार्ट केल्यावर लिस्ट आली, धन्यवाद ताई! पुढच्या कर्नल अपडेटला परत निळी स्क्रीन का?

रूटवाला:
नाही रे, की तीच राहते, डीकेएमएस नवं मॉड्यूल बांधून तिनेच सही करतं. फक्त हेडर्सचं पॅकेज जेनेरिकवालं ठेव, म्हणजे कर्नलबरोबर तेही येत राहील.