जुन्या गेमांवर ग्राफिक्स मॉड (चाहत्यांनी बनवलेले बदल) टाकलेत का? हँडहेल्डवाल्यांनो, अनुभव सांगा

रामबागी
परवा चार्जर घ्यायला इंदूरच्या जेल रोडला गेलो होतो. पूर्वी जिथून आम्ही गेमच्या सीड्या आणायचो तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतायत. रात्री राहवलं नाही, स्टीम डेकवर (हातात धरून खेळायचं मशीन) जीटीए सॅन अँड्रियास चढवला. पीसीवर २००५ मध्ये आलेला गेम. आमच्या वाड्यात तो एकाच घरी चालायचा, आणि लाईट गेली की सेव्ह न झालेल्या मिशनसाठी सगळे मिळून हळहळायचो.

सुरू केला तर कोपऱ्यातला गोल नकाशा अंडाकृती! डेकचा पडदा १२८० बाय ८००, गेम बनलेला जुन्या चौकोनी मॉनिटरच्या हिशोबाने. नकाशा गोल करणारा वाइडस्क्रीन फिक्स टाकला, जुन्या चुका सुधारणारा सायलेंटपॅच टाकला. इथवर झकास. मग हाव सुटली. प्रोजेक्ट२डीएफएक्स टाकला, त्याने लांबचे दिवे दिसतात आणि किती दूरवरचं दिसावं तेही वाढवता येतं. मी पार शेवटाला नेलं. चिलियाड डोंगरावर जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं, हे एवढंच होतं? जिथे पोचायला जन्म जायचा ती गावं हाकेच्या अंतरावर. धुकं होतं म्हणून जग मोठं वाटायचं. धुकं ठेवलेलं मशीनला झेपावं म्हणून, पण काम भलतंच करून गेलं. आता दिवे ठेवलेत, अंतर परत कमी केलंय.

तुम्ही काय टाकलंत? आणि टाकून परत काय काढलंत?

सुदामानगर
हौ! २०२१ च्या नव्या आवृत्तीत पण धुकं गेलं होतं, तेव्हा केवढी बोंब झाली. २०२४ च्या अपडेटमध्ये क्लासिक लायटिंगचा पर्याय दिला तेव्हा कुठे लोक शांत झाले

बटणदाबू
ते सोड, माझ्या डेकवर मॉड चालतच नाही. फाइली जागच्या जागी आहेत पण गेम ढुंकून बघत नाही

रामबागी
@बटणदाबू स्टीममध्ये गेमचे लाँच ऑप्शन भरलेस का? हा विंडोजचा गेम, डेक लिनक्सवर, मधे प्रोटॉन, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा दुभाषा. तो आपली स्वतःचीच डीएलएल (गेमला लागणारी कोडची फाइल) वापरतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, गेमच्या फोल्डरमधली आधी वाच. त्यासाठी वाइन डीएलएल ओव्हरराइडची ओळ असते. माझ्याकडे मॉड चालू करणारा लोडर डीइनपुट८ नावाने आहे, तुझं नाव वेगळं असेल तर तेच टाक. डेस्कटॉप मोडमध्ये स्टीमचं बटण आणि एक्स एकत्र दाबलं की कीबोर्ड येतो.

बटणदाबू
कीबोर्ड येतो?? मी आजवर ब्लूटूथवाला जोडत होतो 😭

आईचा_आयडी
मी खेळत नाही, मुलगा खेळतो. त्याच्या टेबलावर पोहे ठेवून तास झाला. विचारलं तर म्हणतो "झाडं लावतोय". कसली झाडं?

सुदामानगर
काकू, झाडांचं मॉड असेल. पोहे आता आम्हाला द्या, वर टाकायचा जिरावन मसाला आम्ही आणतो

ड्रॅगनबॉर्न_स्नेहलतागंज
स्कायरिम. सगळे सांगतात ४के टेक्स्चर (दगड-भिंतींवरची बारीक चित्रं) टाका. भिया, सात इंची पडद्यावर दगडाची शीर कोण बघणार? शिवाय डेकमध्ये १६ जीबी मेमरी आहे ती प्रोसेसर आणि ग्राफिक्स वाटून खातात, दोघांत भांडण लागलं की खेळ अडखळतो. जमीन, भिंतींना १के, चेहऱ्यांना २के, बस. खरा फरक पडतो तो हवामानाच्या आणि उजेडाच्या मॉडने, आणि त्यांना जागाही कमी लागते. ईएनबी (उजेड-सावल्यांचे जड इफेक्ट) मात्र हातातल्या मशीनवर नकोच, पंखा असा घोंघावतो की बायको विचारते मिक्सर चालू आहे का.

पिवळा_चष्मा
२००५ चाच गाड्यांचा गेम, नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड. त्यातला पिवळट रंग काढायचं मॉड मिळतं. काढला. सगळं स्वच्छ, निळं आकाश, आणि मजा गेली. परत पिवळा केला

ड्रॅगनबॉर्न_स्नेहलतागंज
तो रंग म्हणजे दुपारी दोनचा बायपास, मे महिना

पिवळा_चष्मा
😂😂 अगदी

ग्वाल्हेरची_मी
इंदूरवाल्यांच्या गप्पांत घुसते. माझ्याकडे आरओजी अ‍ॅलाय आहे, डेकसारखंच, पण विंडोज असल्यामुळे ओव्हरराइडची भानगडच नाही. फाइल टाकली, झालं. पण बोटाने एवढीशी फुली दाबून खिडकी बंद करणं म्हणजे शिक्षा. फॉलआउट न्यू वेगास खेळणाऱ्यांनी टेक्स्चरच्या आधी ४ जीबी पॅच टाका. तो ३२ बिटचा गेम, मूळचा २ जीबीच्या वर मेमरी मागतच नाही. नुसती जड चित्रं भरत गेलात तर वाळवंटातच बंद पडेल.

बटणदाबू
चाललं!! नकाशा गोल झाला 🙏 आता मेमरी कार्ड लॅपटॉपला लावलं तर तो म्हणतो फॉरमॅट करू का

रामबागी
नाही म्हण! डेकने फॉरमॅट केलेलं कार्ड ईएक्सटी४ (लिनक्सची पद्धत) असतं, विंडोजला ते वाचता येत नाही म्हणून तो रिकामंच समजतो. मॉड वायफायवरून पाठव, वॉर्पिनेटर टाक दोन्हीकडे.

सुदामानगर
कोणाला जीटीएचाच व्हाइस सिटी पीएस२ (प्लेस्टेशन २) सारखा दिसायला हवा असेल तर स्कायजीएफएक्स बघा. चांगला करायचा नाही, जुनाच करायचा. पीसीवर येताना उजेड आणि गाड्यांवरची चमक बदलली होती, ती परत येते. मला सगळ्या मॉडमध्ये हेच आवडलं, रामबागीच्या धुक्याशी जुळणारं आहे

आईचा_आयडी
पोहे खाल्ले एकदाचे. थंड. आता जेवायला काय म्हणून विचारतोय

ग्वाल्हेरची_मी
काकू, भुट्ट्याचा कीस करा. त्यात तुम्ही दूध कधी घालता, परतायच्या आधी की नंतर?

आईचा_आयडी
परतून झाल्यावर, थोडं थोडं. आधी घातलं तर गोळा होतो

पिवळा_चष्मा
रविवारी छप्पन दुकानला खायला कोण कोण येतंय? डेक आणा, चार्जरही आणा