मदत हवी आहे: लहान मुलांना वीज हाताने करून कशी दाखवावी?

नमस्कार. परळला आमच्या चाळीत दर रविवारी पाच ते सात वर्षांची मुलं जमवते. सध्या विषय वीज. खोपोलीला १९१५ पासून पाण्यावर वीज होते आणि ती मुंबईला येते, असं सांगितलं तर एका चिमुरडीने नळाखाली हात धरून विचारलं, "ताई, मग यात करंट का नाही?" तेव्हापासून ठरवलं, करूनच दाखवायचं.

भिरभिरं झालं. खोक्याला आतून फॉइल लावून गच्चीवर सूर्यचूलही केली, पण ढगांमुळे चॉकलेटसुद्धा विरघळलं नाही. आता नळाच्या धारेवर फिरणारं चाक करायचंय, खाली बादली ठेवून. पाती कशाची करू? आइस्क्रीमच्या काड्या भिजून वाकल्या. आणि ६० वॉटचा जुना बल्ब नि ९ वॉटचा एलईडी यांतला फरक या वयाला कसा पटवावा? जुना बल्ब फार तापतो, मुलांच्या हाताशी नको वाटतो. कुणी केलं असेल तर जरूर सांगा.